उत्प्रवास मंजुरी

दहावी उत्तीर्ण नसलेल्या भारतीय कामगाराला आखाती देशांसह ठरावीक 18 देशांत नोकरीसाठी जाण्यापूर्वी घ्यावी लागणारी सरकारी परवानगी. आधार : उत्प्रवास अधिनियम, 1983. अशांच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ (एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड) शेरा असतो; प्राप्तिकरदाते आणि पन्नाशी ओलांडलेले यांना सूट आहे. संयुक्त अरब अमिरातीसारख्या देशात वर्क परमिटसाठी अर्ज करतो तो मालक, कामगार नव्हे. इकडे करारनामा, व्हिसा आणि विम्याची पॉलिसी ‘ई-मायग्रेट’ पोर्टलवर चढवली, की उत्प्रवासी संरक्षक (मुंबईतही त्याचे कार्यालय आहे) मंजुरी देतो. प्रवासी भारतीय विमा योजनेत अपघाती मृत्यूस 10 लाख रुपयांचे संरक्षण असून दोन वर्षांचा हप्ता 275 रुपये आहे. नोंदणीकृत एजंटाला सेवाशुल्क घेता येते ते 30,000 रुपये, वर जीएसटी. गावोगाव फिरणारे बिनपरवाना दलाल ही मर्यादा कशाला पाळतील! व्यवस्थेतले मोठे भगदाड मात्र व्हिजिट व्हिसाचे. फिरायला जाणाऱ्या ईसीआरधारकाला मंजुरी लागत नाही. त्यामुळे अनेकांना पर्यटक म्हणून विमानात बसवतात आणि ‘परमिट तिकडे काढू’ असे सांगतात. अशा कामगाराच्या हाती नोंदलेला करार नसतो, विमाही नसतो. पगार थकला तर दूतावासात दाखवायला कागदच उरत नाही.