फळ्यापर्यंत पोचणारे हात

शाळा म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा येतो तो फळा. काळा, खडूने पांढरा झालेला. आता अनेक शाळांत त्याच्या जागी विजेवर चालणारा फळा आला आहे. संगणकावरचे चित्र प्रोजेक्टरने त्यावर पडते आणि बोट टेकवले की ते हलते. स्मार्ट बोर्ड या नावाने तो 1991 साली कॅनडातून बाजारात आला. आपल्याकडे 2015 साली ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाल्यावर जिल्हा परिषदेच्या पुष्कळ शाळा लोकवर्गणीतून डिजिटल झाल्या. या फळ्याचे मोठे वैशिष्ट्य असे सांगतात, की मूल नुसते बघत नाही, स्वतः हात लावून शिकते.

मात्र हात लावून शिकण्याची ही गोष्ट डहाणू-तलासरीच्या भागाला नवी नाही. त्यासाठी आपल्याला 1945 सालात जावे लागेल.

त्या वर्षी 23 मे रोजी आजच्या तलासरी तालुक्यातल्या झरी गावी हजारो वारली जमले. वेठबिगार आणि लग्नगड्याची गुलामी यापुढे करायची नाही, असे त्यांनी ठरवले. शामराव आणि गोदावरी परुळेकर त्यांच्याबरोबर होते. त्याच वर्षी, डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्राचे काम सुरू केले. एकीकडे माणूस मान वर करत होता, दुसरीकडे त्याच्या मुलासाठी शाळा उघडत होती.

ताराबाई भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करून आलेल्या. माँटेसरीबाईंची पद्धत त्यांना ठाऊक होती, पण तिची साधने महागडी. खेड्यात ती परवडणार कशी? मग शंख-शिंपले, बिया, पाने, खडे, मातीची खेळणी हीच साधने झाली. मोजायला चिंचोके, रंग ओळखायला फुले. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द या कामातून आला आणि 1975 साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेमुळे देशभर गेला.

पुढे केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथे प्रश्न आणखी अवघड होता. वारल्याचे मूल सकाळी गुरे घेऊन रानात जाते. ते शाळेत आले तर गुरे कोण राखणार? मुलाला दोष देणे सोपे होते. या बायांनी शाळाच कुरणात नेली. तिचे नाव कुरणशाळा.

आणि फळा? तोही वारल्यांच्या घरी होताच. गेरूने रंगवलेल्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सवाशिणी लग्नाचा चौक ‘लिहितात’. चित्र काढणे नव्हे, लिहिणे! गडद भिंत, पांढरी रेघ. याच रेषेला डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी जगभर नेले. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. शाळेत मुक्या वाटणाऱ्या मुलाच्या घरची भिंत अशी बोलत असते.

नव्या फळ्याचे आपण स्वागतच करू. बीज कसे रुजते, चंद्राच्या कला कशा होतात, हे तो छान दाखवतो. पण ब्रिटनमध्ये सरकारी पैशाने असे फळे मोठ्या संख्येने बसवले गेले, तेव्हा लंडनच्या शाळांचा अभ्यास झाला. 2007 साली त्याचा निष्कर्ष आला: नवलाई लवकर ओसरते आणि केवळ फळ्यामुळे गुण वाढल्याचे दिसत नाही. शिक्षक एकटाच बोट फिरवत राहिला, तर तो फळा खडूच्या फळ्याइतकाच एकतर्फी.

शिवाय घरी वारली बोलणाऱ्या मुलापुढे तो फळा पुस्तकी मराठीत बोलू लागला, तर पडद्यावरचे झाड त्याच्या ओळखीचे असूनही परके होते. ते झाड तुमच्या पाड्यावर कोणत्या नावाने ओळखतात, हे शिक्षकाने विचारायला हवे.

ताराबाई 1973 साली गेल्या, अनुताई 1992 साली. त्यांच्याकडे विजेचा फळा नव्हता. मूल कुठे आहे, ते आधी पाहायचे आणि तिथवर आपण जायचे, एवढे त्यांनी केले. म्हणून नवा फळा आलेल्या वर्गात गेलात, तर तो किती इंचांचा हे विचारू नका. शेवटच्या रांगेतल्या मुलीचे बोट त्याला या आठवड्यात किती वेळा लागले, ते विचारा.