हिरोच्या मागचे बाक



थंडी वाढली की शनिवारी रात्री घरोघरी सिनेमा लागतो. मुलं तेरा-चौदाची झाली की आपल्यातले बरेच जण हौसेने जॉन ह्यूजचे जुने सिनेमे काढतात. 'द ब्रेकफास्ट क्लब', १९८५. सुट्टीच्या दिवशी शाळेत डांबलेली पाच मुलं, पाचही गोरी. त्याच्या आदल्या वर्षीच्या 'सिक्स्टीन कँडल्स'मध्ये एक आशियाई मुलगा आहे खरा, पण तो पडद्यावर आला की मागे घंटा वाजते आणि प्रेक्षकांनी हसायचं असतं. ती भूमिका करणारा गेडी वातानाबे अमेरिकेतच जन्मलेला. त्याला परदेशी उच्चार मुद्दाम काढावे लागले.

गंमत बघा, ह्यूजच्या या गोष्टी शिकागोच्या उपनगरांतल्या. त्याच शिकागोतल्या कृष्णवर्णीय शाळकरी पोरांवर मायकल शुल्ट्झने १९७५ मध्येच 'कूली हाय' काढला होता. तो आपल्यापैकी किती जणांनी पाहिलाय? गोष्ट होती, पण आपल्यापर्यंत आली नाही. आज आपल्या मुलांना 'टर्निंग रेड'मध्ये टोरांटोची चिनी मुलगी दिसते, आणि तिच्या मैत्रिणींत एक प्रियाही असते. तिचा आवाज मिसिसागाच्या मैत्रेयी रामकृष्णनचा. आपल्याला बरं वाटतं. वाटावंच.

पण मंडळी, हाच प्रश्न जरा आपल्या मराठी सिनेमाला विचारू या. आपल्या पडद्यावर कोणाचं पोर मोठं झालं?

सुरुवात अर्थातच 'श्यामची आई'पासून. आचार्य अत्र्यांचा सिनेमा, १९५३. राष्ट्रीय पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी त्याला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. साने गुरुजींच्या मूळ पुस्तकात एक प्रसंग आहे. एका म्हातारीची लाकडाची मोळी खाली पडलेली असते. ती महार, म्हणून हात लावायला कोणी पुढे येत नाही. आई श्यामला सांगते, जा, मोळी उचलून दे, आणि मग घरी येऊन आंघोळ कर. त्या काळात हे धाडसच होतं, आणि गुरुजींनी पुढे १९४७ मध्ये पंढरपूरचं मंदिर सर्वांना खुलं व्हावं म्हणून प्राणांतिक उपोषण केलं. ती कळकळ खरी होती. तरी गोष्ट श्यामचीच राहते. म्हातारी मोळी घेऊन निघून जाते. तिच्या घरी श्यामच्या वयाचं कोणी असेल का, हे आपण विचारतही नाही.

नंतर चांगले सिनेमे आले. मिलिंद बोकीलांच्या कादंबरीवरचा 'शाळा' मला फार आवडतो. आणीबाणीचा काळ, मुकुंद जोशी आणि शिरोडकर. आपल्यातल्या पुष्कळांना तो आपलाच वर्ग वाटतो, आणि तिथेच मेख आहे. ज्यांना तो आपला वाटत नाही, ती मुलं त्याच वर्गात मागे बसलेली होती.

त्यांच्यातल्या एकाला कॅमेऱ्याच्या मध्यभागी आणलं नागराज मंजुळेंनी. 'फँड्री', २०१३. 'श्यामची आई'नंतर बरोबर साठ वर्षांनी. जब्या हा कैकाडी कुटुंबातला मुलगा. त्याला जीन्स हवी आहे, वर्गातली शालू आवडते, आणि एक काळी चिमणी पकडली की सगळं जमेल असं वाटतं. म्हणजे अगदी ह्यूजच्या सिनेमातल्या पोरांसारखाच! फक्त गावातली डुकरं पकडायचं काम त्याच्या घराकडे आहे. फँड्री म्हणजे कैकाडी भाषेत डुक्कर.

एक प्रसंग सांगतो. डुक्कर हाताशी आलेलं असतं, तेवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या ताठ उभा राहतो, घरचेही थांबतात, आणि डुक्कर निसटतं. मोळीची म्हातारी आणि जब्या यांत फरक हा, की म्हातारीवर कोणीतरी दया करतं आणि जब्याच्या डोळ्यांनी आपल्याला बघावं लागतं. जब्या झालेल्या सोमनाथ अवघडेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

मुलांना दाखवाल तर सोबत बसा. शिव्या आहेत, अपमान आहेत, आणि इथे वाढलेली मुलं 'जात म्हणजे काय' हे विचारणारच. सिनेमा थांबवून उत्तर द्या. घाईत 'आता तसं काही राहिलं नाही' असं म्हणून मोकळे होऊ नका. कारण शेवटी हिणवणाऱ्या पोरांवर जब्या दगड भिरकावतो, आणि तो थेट कॅमेऱ्यावर येतो. म्हणजे सोफ्यावर बसलेल्या आपल्यावरच.