चाळीस दिवस कशासाठी?

१७४३ सालची गोष्ट. रूसो नावाचा एक तरुण व्हेनिसमध्ये नोकरीवर रुजू होण्यासाठी बोटीने निघाला होता. पुढे हाच तरुण मोठा विचारवंत म्हणून जगाला माहीत झाला. वाटेत बोट जिनोव्हाच्या बंदरात आली. तेव्हा सिसिलीतील मेसिना शहरात प्लेग सुरू होता, म्हणून बंदराच्या अधिकाऱ्यांनी सर्व उतारूंना एकवीस दिवस अडकवून ठेवले. बोटीवर राहा किंवा किनाऱ्यावरच्या इमारतीत राहा, एवढीच मुभा होती. इतर सर्वांनी बोट पत्करली. रूसोने इमारत निवडली.

ती इमारत अगदी रिकामी होती. खाट नाही, टेबल नाही, खुर्ची नाही. त्याने अंगरख्यांची व सदऱ्यांची गादी केली, एका पेटीची खुर्ची केली, दुसरी आडवी ठेवून तिचे टेबल केले. बरोबरची डझनभर पुस्तके मांडली आणि दिवसाचा क्रम ठरवून घेतला. बंदूकधारी शिपाई जेवण आणून जिन्यावर ठेवीत, घंटा वाजवून निघून जात. ही सारी हकीकत त्याने आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवली आहे.

२०२० आणि २०२१ साली परदेशातून येऊन ज्यांना हॉटेलच्या खोलीत दिवस काढावे लागले, त्यांना हे वर्णन ओळखीचे वाटेल. दाराबाहेर ठेवलेले जेवण, दारावर पडलेली थाप, दार उघडेपर्यंत रिकामा झालेला बोळ, आणि कॅलेंडरवर खोडलेले दिवस. पावणेतीनशे वर्षांत खोली बदलली, पण आतला माणूस विचारतो तो प्रश्न तोच राहिला : दिवस किती, आणि इतकेच का? या प्रश्नाचे उत्तर शतकानुशतके कसकसे बदलत गेले ते आपण पाहू या.

तिसाचे झाले चाळीस

प्रवाशांना ठरावीक दिवस वेगळे ठेवण्याचा सर्वांत जुना ज्ञात कायदा १३७७ सालचा आहे. एड्रिअ‍ॅटिक समुद्राच्या काठी रागुसा नावाचे व्यापारी नगर होते. आज त्याला डुब्रॉव्निक म्हणतात. प्लेगच्या प्रदेशातून येणाऱ्याने आधी जवळच्या म्रकान बेटावर किंवा त्साव्तात गावी महिनाभर राहावे, मगच नगरात पाऊल टाकावे, असे तेथील सभेने ठरवले. या निर्णयात एक मोठी कल्पना दडलेली आहे. आजारी माणसाला दूर ठेवण्याची पद्धत फार जुनी होती. येथे मात्र निरोगी दिसणाऱ्या माणसालाही थांबवून ठेवले गेले. आज तो बरा दिसतो, पण उद्या? जंतूंची कल्पना नसताना त्या व्यापाऱ्यांनी अनुभवाने एवढे ताडले होते.

पुढे तीस दिवसांचे चाळीस झाले. इटालियन भाषेत चाळीस म्हणजे 'क्वारांता'. 'क्वारंटाइन' हा शब्द त्यातूनच आला. १४२३ साली व्हेनिसने एका बेटावर प्लेगच्या रुग्णांसाठी कायमची जागा उभारली. बेटावर नाझरेथच्या मेरीचे देऊळ होते, आणि तेथून 'लाझारेत्तो' हे नाव रूढ झाले असे मानतात. १४६८ साली व्हेनिसने दुसरे बेट घेतले. ते संशयित जहाजांवरील माणसांसाठी आणि मालासाठी होते. तेथे कमानींच्या मोठ्या उघड्या पडव्या होत्या. त्यांत कापसाचे व लोकरीचे गठ्ठे सोडून वाऱ्यावर टाकीत आणि सुवासिक वनस्पतींचा धूर देत.

चाळीसच का? ख्रिस्ताने अरण्यात चाळीस दिवस उपास केला होता, आणि ईस्टरपूर्वीचा उपवासकालही चाळीस दिवसांचाच. तीव्र आजार चाळीस दिवसांच्या आत प्रकट होतो, असे हिपॉक्रेटिसच्या परंपरेतले वैद्यही मानीत. हा आकडा परंपरेने दिलेला होता, कोणी मोजून काढलेला नव्हता.

तरीही तो पुष्कळदा उपयोगी पडला. गाठीच्या प्लेगची लक्षणे संसर्गानंतर साधारण एक ते सात दिवसांत दिसतात. चाळीस दिवसांत जहाजावरचा रोग एकातून दुसऱ्यात जाऊन संपूनही जाई. म्हणजे आकडा गरजेपेक्षा पुष्कळ मोठा होता. त्याची किंमत अडकलेला माणूस मोजत होता.

मोठा आकडाही फुटतो

आकडा मोठा म्हणजे शहर सुरक्षित, असे मात्र नाही. मार्सेलिस बंदर सावरकरांच्या १९१० सालच्या उडीमुळे आपल्या परिचयाचे आहे. २५ मे १७२० रोजी तेथे 'ग्राँ सेंत आंत्वान' नावाचे जहाज पूर्वेकडून कापड घेऊन आले. वाटेत जहाजावरचे अनेक जण मेले होते आणि त्यांत जहाजाचा वैद्यही होता. नियमाप्रमाणे असे जहाज दूरच्या बेटावर पाठवायचे. पण माल जुलैत भरणाऱ्या मोठ्या जत्रेला पोचायला हवा होता, आणि मालात नगरातील प्रतिष्ठितांचा पैसा गुंतला होता. नियम वाकवले गेले. कापड शहरालगतच्या आवारात उतरवले गेले, आणि त्यातून पिसवा व प्लेग बाहेर पडले. सुमारे नव्वद हजार वस्तीच्या त्या शहरात जवळजवळ निम्मी माणसे मेली. नियम कागदावर कडक होता, पण सर्वांना सारखा लागू नव्हता.

जॉन हॉवर्ड या इंग्रज तुरुंगसुधारकाने दुसरी बाजू तपासली. आतल्या माणसाचे काय होते हे कळावे म्हणून १७८६ साली तो मुद्दाम प्लेगचा संशय असलेल्या जहाजाने स्मर्नाहून व्हेनिसला गेला आणि लाझारेत्तोत सुमारे सहा आठवडे राहिला. खोलीच्या भिंती इतक्या कळकट होत्या की उकळत्या पाण्याने धुऊनही वास जाईना. शेवटी त्याने चुना लावून घेतला, आणि मग त्याला जरा बरे वाटू लागले. रोग टाळण्यासाठी बांधलेली जागाच माणसाला आजारी पाडत होती. १७८९ साली त्याने युरोपातील लाझारेत्तोंवर ग्रंथ प्रसिद्ध केला.

विज्ञानाच्या शिक्षकांना आवडेल असे आणखी एक उदाहरण. जानेवारी १८३२ मध्ये 'बीगल' जहाज कॅनरी बेटांपैकी तेनेरीफला पोचले. जहाजावर तरुण चार्ल्स डार्विन होता. हम्बोल्टची प्रवासवर्णने वाचल्यापासून हे बेट पाहण्याचा त्याला ध्यास होता. पण इंग्लंडमध्ये कॉलरा होता, म्हणून बेटावरच्या अधिकाऱ्यांनी बारा दिवस थांबण्याचा हुकूम दिला. कप्तान फिट्झरॉयने न थांबता जहाज पुढे हाकले, आणि डार्विनला बेट दुरूनच पाहावे लागले. कॉलऱ्याला पाच दिवस पुरले असते, पण हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते.

मुंबईचा प्लेग आणि मोजलेला आकडा

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. मुंबई हे मोठे बंदर असल्यामुळे युरोपातील देश घाबरले. १८९७ साली त्यांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली ती नेमकी व्हेनिसमध्येच! भारतातून मक्केला जाणाऱ्या यात्रेकरूंवर निर्बंध आले. त्याच वर्षी इंग्रज सरकारने साथरोग कायदा केला. रेल्वेच्या उतारूंची तपासणी, घरांच्या झडत्या, संशयितांची छावण्यांत रवानगी हे सर्व लष्करी पद्धतीने झाले. पुण्यात त्यामुळे लोकांचा संताप कोणत्या थराला गेला, हे आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना शिकवावे लागत नाही. हेतू रोग अडवण्याचाच होता. पण 'का?' हे कोणी समजावून सांगितले नाही, आणि लोक रुग्ण लपवू लागले.

याच काळात आकड्याचा पाया बदलत होता. १८९४ साली हाँगकाँगमध्ये येर्सँ यांनी प्लेगचा जंतू शोधला. १८९८ साली कराचीत सिमाँ यांनी उंदरावरच्या पिसवांमार्फत प्लेग पसरतो हे प्रयोगाने दाखवले. म्हणजे पाचशेहून अधिक वर्षे माणसांना अडवले जात होते, आणि उंदीर मात्र जहाजाच्या दोरावरून खुशाल बंदरात उतरत होते.

जंतू कळल्यावर प्रत्येक रोगाचा अधिशयन काळ मोजता येऊ लागला. जंतू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा काळ म्हणजे अधिशयन काळ. १९६९ च्या आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांत हे आकडे रोगवार दिले होते : कॉलरा ५ दिवस, प्लेग ६, पीतज्वर ६, देवी १४. एका सरसकट चाळिसाची जागा चार वेगवेगळ्या आकड्यांनी घेतली. पीतज्वराच्या देशातून लसीच्या दाखल्याशिवाय भारतात येणाऱ्याला आजही सहा दिवसांपर्यंत थांबवून ठेवता येते. हा रोग पसरवणारा डास आपल्याकडे आहे, रोग मात्र नाही. म्हणून ही काळजी.

चौदा दिवस, हॉटेलात

मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात घरी वेगळे राहायला सांगितलेल्यांच्या डाव्या हातावर शाईचे शिक्के मारले जाऊ लागले. त्याच महिन्याच्या अखेरीस ऑस्ट्रेलियाने परदेशातून येणाऱ्या प्रत्येकाला चौदा दिवस हॉटेलात ठेवण्यास सुरुवात केली. प्रवासी नसल्याने हॉटेले रिकामी होती. खोल्या, न्हाणीघरे, स्वयंपाकघर सारे तयार होते. भारतात मे २०२० मध्ये केंद्र सरकारने सात दिवस स्वखर्चाने बाहेर आणि सात दिवस घरी असा नियम केला. गरोदर स्त्रिया, लहान मुलांसह आलेले पालक, घरात मृत्यू किंवा गंभीर आजार अशा कारणांसाठी सवलत होती.

चौदा हा आकडा कोठून आला? २०२० च्या आरंभीच संशोधकांनी १८१ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. त्यांतील बहुतेक वूहानला जाऊन आलेले किंवा तेथे राहिलेले होते. त्यांचा संसर्ग केव्हा ते केव्हाच्या दरम्यान झाला असावा आणि लक्षणे कधी दिसली, यावरून अधिशयन काळ काढला. निम्म्या रुग्णांना सुमारे ५ दिवसांच्या आत लक्षणे दिसतात, आणि ज्यांना लक्षणे दिसतात त्यांपैकी ९७.५ टक्क्यांना ती ११.५ दिवसांच्या आत दिसतात, असे आढळले. चौदा दिवसांनंतर लक्षणे दिसणारे १० हजार रुग्णांत सुमारे १०१ असतील, असा त्यांचा अंदाज होता.

हे शेवटचे वाक्य वर्गात फळ्यावर लिहिण्यासारखे आहे. चौदाव्या दिवशी धोका शून्य होत नाही. तो शंभरात एक एवढा उरतो. आणखी सात दिवस वाढवले तर तो आणखी कमी होईल, पण त्या एकासाठी उरलेले नव्याण्णव जण आणि ज्यांना संसर्ग झालेलाच नाही असे सर्व प्रवासी आठवडाभर अधिक अडकतील. किती धोका पत्करायचा हे विज्ञान ठरवत नाही, ते समाजाने ठरवायचे असते. प्रत्येक पर्यायाची किंमत किती, एवढे विज्ञान सांगते.

शिवाय आकडा बरोबर असून भागत नाही, जागाही योग्य लागते. सप्टेंबर २०२० मध्ये न्यूझीलंडच्या एका हॉटेलात बाराव्या दिवशीच्या तपासणीच्या वेळी एका खोलीचे दार बंद झाले आणि ५० सेकंदांनी शेजारच्या खोलीचे उघडले. बंदिस्त बोळातल्या हवेतून तेवढ्यात संसर्ग झाला असावा, असा निष्कर्ष कॅमेऱ्याचे चित्रण आणि विषाणूच्या जनुकांची तुलना यांवरून निघाला. ज्याला बाराव्या दिवशी संसर्ग झाला त्याचे चौदा दिवस पहिल्या दिवसापासून कसे मोजायचे? मेलबर्नमध्ये तर हॉटेलांतून निसटलेल्या विषाणूने दुसरी लाट आली आणि ७६८ माणसे दगावली. व्हेनिसच्या उघड्या पडव्यांत वारा खेळत होता, या हॉटेलांच्या बोळांत तो नव्हता.

खर्चाचा प्रश्नही उरतोच. फेब्रुवारी २०२१ मध्ये ब्रिटनमध्ये एका प्रौढाला दहा दिवसांच्या मुक्कामासाठी १,७५० पौंड भरावे लागत, म्हणजे तेव्हाच्या दराने पावणेदोन लाख रुपयांच्या आसपास. एप्रिलमध्ये भारतही त्या यादीत आला. न्यूझीलंडमध्ये तर हॉटेलातील जागा सोडतीने मिळत. अनेकांना मायदेशी परतता आले नाही, आणि त्या पद्धतीमुळे नागरिकांच्या परतण्याच्या हक्कावर अवाजवी बंधन आले, असे तेथील न्यायालयाने २०२२ साली म्हटले.

आतल्या माणसाला काय हवे?

फेब्रुवारी २०२० मध्ये 'लॅन्सेट' नियतकालिकात आधीच्या साथींतील क्वारंटाइनविषयीच्या अभ्यासांचा एक आढावा आला. दीर्घ मुदत, संसर्गाची भीती, कंटाळा, अपुरा पुरवठा, अपुरी माहिती, पैशाचे नुकसान आणि नंतर लोकांनी टाळणे, या गोष्टींचा मनावर ताण येतो असे त्यात दिसले. उपायही साधेच होते : मुदत गरजेपुरतीच ठेवा, ती मध्येच वाढवू नका, कारण स्पष्ट सांगा, गरजेच्या वस्तू वेळेवर द्या, आणि त्यांच्या थांबण्याने इतरांचा जीव वाचतो याची जाणीव द्या. हॉवर्डची चुन्याची बादली आणि रूसोची मांडून ठेवलेली पुस्तके यांचा अर्थ या यादीत सापडतो. स्वतःच्या जागेवर आणि स्वतःच्या दिवसावर थोडा ताबा राहिला, की माणूस पुष्कळ सोसतो.

शिक्षकांना आमची एक सूचना आहे. विद्यार्थ्यांना वरील चार रोगांचे आकडे द्यावेत आणि प्रत्येक रोगासाठी किती दिवसांचा नियम करावा ते गटांत ठरवू द्यावे. मग अर्ध्या गटांना बंदराचे अधिकारी करावे, अर्ध्यांना अडकलेले उतारू. अधिकाऱ्यांनी आपला आकडा उतारूंना पटवून द्यायचा; 'नियम आहे' एवढेच उत्तर चालणार नाही. नंतर भूमिका बदलाव्यात. २०२० साली ज्यांच्या घरी कोणी असे दिवस काढले असतील, त्या विद्यार्थ्यांनी त्या माणसाला विचारून यावे : तुम्हाला दिवस किती ते सांगितले होते का, आणि का ते सांगितले होते का? त्या उत्तरांची नोंद शाळेत जपून ठेवावी. पुढच्या साथीत आकडा ठरवणाऱ्यांत आज आपल्या वर्गात बसलेले कोणी असेल.