थेरडा
एका कथेतली सून सासऱ्याला पाठीमागे ‘थेरडा’ म्हणते, तोंडावर ‘मामंजी’. शिवी झालेल्या या शब्दाचे कूळ थोर आहे. संस्कृत ‘स्थविर’चे पालीत ‘थेर’ झाले. थेरवाद, थेरगाथा यांतला आदरणीय वडीलधारा भिक्षू तो हाच. मराठीत ‘-डा’ हा तुच्छतादर्शक प्रत्यय लागला आणि मान गेला. ‘म्हातारा’ हाही ‘महत्तर’वरून आलेला, पण तो सुरावर चालतो : ‘आमची म्हातारी’ यात माया, ‘ए म्हाताऱ्या’त हेटाळणी. ‘वृद्ध’ म्हणजे मुळात ‘वाढलेला’. तो बोलण्यापेक्षा लिहिण्यात आणि आश्रमांच्या पाट्यांवर अधिक. ‘ज्येष्ठ नागरिक’ हा कायद्यातला शब्द. २००७च्या अधिनियमानुसार वयाची ६० वर्षे पुरी झाली की तो लागू होतो. घरात मात्र अजून ‘म्हातारा’च चालतो.