मांजराच्या मिशांना कात्री नकोच!

प्रतिनिधी / पनवेल

मांजराच्या मिशा म्हणजे चेहऱ्याची शोभा, एवढीच समजूत अनेक घरांत असते. त्यामुळे त्या लांब दिसल्या की कातरल्या जातात, लहान मुले खेळता खेळता त्या ओढतात आणि गॅसच्या ज्योतीने जळाल्या तरी कोणी फारसे मनावर घेत नाही. वस्तुतः मिशी हे मांजराचे स्पर्शेंद्रिय आहे. जुन्या पनवेलमध्ये वाड्यांच्या अंगणात आणि कौलांवर वावरणारे मांजर आता सदनिकेत राहू लागले आहे. २०१६ मध्ये स्थापन झालेल्या पनवेल महापालिकेच्या हद्दीतील खारघर, कामोठे, कळंबोली या वसाहती तर बहुमजली इमारतींच्याच आहेत. वरच्या मजल्यावरील बाल्कनीच्या अरुंद कठड्यावर मांजराचा अंदाज चुकला, तर ते त्याच्या जिवावर बेतू शकते. म्हणूनच मिशांची निगा हा हौसेचा नव्हे, तर सुरक्षिततेचा विषय आहे.

केस नव्हे, इंद्रिय

मांजराच्या नाकाच्या दोन्ही बाजूंस साधारणतः बारा-बारा मिशा चार ओळींत असतात. तसेच राठ केस डोळ्यांच्या वर, हनुवटीवर आणि पुढच्या पायांच्या मागील बाजूसही असतात. मिशीच्या केसात मज्जातंतू नसतात. मात्र तिचे मूळ अंगावरील केसांपेक्षा बरेच खोल, रक्ताने भरलेल्या पिशवीत रुतलेले असते आणि त्याभोवती मज्जातंतूंचे दाट जाळे असते. मिशीचे टोक हवेच्या झुळुकीनेही हलले, तरी ती हालचाल मुळाशी जाणवते.

मांजराला मंद प्रकाशातील चांगले दिसते. परंतु तोंडाजवळची वस्तू त्याला अस्पष्ट दिसते. ही उणीव मिशा भरून काढतात. फट अंगाला पुरेल का, भिंत किती जवळ आहे, तोंडात धरलेली शिकार हलते आहे का, हे त्याला मिशांमुळे कळते. मिशा मनःस्थितीही सांगतात. कुतूहल जागे झाले की त्या पुढे येतात आणि भीती वाटली की गालांना चिकटतात.

इजा कशामुळे होते?

स्वयंपाकघरातील शेगडी, देवघरातील समई व निरांजन, दिवाळीतील पणत्या ही मिशा जळण्याची नेहमीची कारणे. उंदरांसाठी ठेवलेल्या चिकट पुठ्ठ्यात तोंड अडकले, तर मिशा मुळापासून उपटल्या जाण्याचा धोका असतो. पर्शियनसारख्या लांब केसांच्या मांजरांचे केस कापून घेताना यंत्राखाली मिशाही जातात. काही वेळा आई पिलांच्या किंवा सोबतची मांजरे एकमेकांच्या मिशा कुरतडतात.

एखाद-दुसरी मिशी आपोआप गळणे नैसर्गिक असून तिच्या जागी नवी येते. मात्र एकाच वेळी अनेक मिशा गळत असतील, त्वचा लाल झाली असेल किंवा गोल चट्टे दिसत असतील, तर त्वचारोगाची शंका घ्यावी. बुरशीमुळे होणारा गजकर्णासारखा संसर्ग दमट हवेत बळावतो आणि तो माणसांनाही होऊ शकतो. त्यामुळे पावसाळ्यात अधिक दक्ष राहावे.

काय काळजी घ्यावी?

• मिशा कितीही लांब, वाकड्या किंवा असमान दिसल्या, तरी कापू नयेत.
• केस कापण्यास मांजर सोपवताना मिशांना हात लावू नये, असे स्पष्ट सांगावे.
• शेगडी पेटलेली असताना मांजराला ओट्यावर येऊ देऊ नये. दिवे उंच जागी किंवा काचेआड ठेवावेत.
• मांजर असलेल्या घरात चिकट सापळे वापरू नयेत.
• मिशा ओढल्यास मांजराला वेदना होतात, हे मुलांना समजावून सांगावे.
• बाल्कनी व खिडक्यांना जाळी बसवावी.

खोल वाटीच्या कडांना मिशा घासून मांजर त्रासते, असे सांगत पसरट ताटल्या विकल्या जातात. मात्र २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भांडे बदलल्याने मांजरांच्या खाण्यात लक्षणीय फरक आढळला नव्हता. पसरट ताटली द्यायला हरकत नाही. पण मांजराने खाणे सोडल्यास भांडे बदलून थांबू नये, पशुवैद्यकाला दाखवावे.

इजा झालीच तर

मिशा जळाल्यास प्रथम खालची त्वचा तपासावी. ती भाजली असल्यास थंड पाण्यात भिजवलेले स्वच्छ कापड हलकेच धरावे. हळद, टूथपेस्ट किंवा घरातले मलम लावू नये, कारण मांजर ते चाटते. वेदनेवर पॅरासिटामॉलची गोळी कदापि देऊ नये. मांजरासाठी ती प्राणघातक ठरते. चिकट द्रव लागला असल्यास मिशा न ओढता त्यावर खाद्यतेल हळूहळू चोळून तो सैल करावा आणि पशुवैद्यकाकडे जावे.

मूळ शाबूत असेल, तर काही आठवड्यांत ते दोन-तीन महिन्यांत मिशी पुन्हा येते. तोपर्यंत मांजर उडी मारताना चुकते, वस्तूंना धडकते किंवा बुजते. या काळात त्याला घरातच ठेवावे, सामानाची जागा बदलू नये आणि रात्री मंद दिवा लावावा.

नियम काय सांगतात?

प्राण्यांना विनाकारण वेदना देणे किंवा त्यांचे अंग छाटणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. स्पर्शकेसांचे महत्त्व क्रीडाविश्वानेही मान्य केले आहे. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाने १ जुलै २०२१ पासून असे केस कापलेल्या घोड्यांना आपल्या स्पर्धांत मज्जाव केला. वैद्यकीय कारणापुरताच त्याला अपवाद आहे. मांजराच्या बाबतीत मात्र वेगळ्या नियमाची वाट पाहण्याची गरज नाही. घरातील कात्री आणि ज्योत त्याच्या तोंडापासून दूर ठेवली, तरी बरेचसे काम होते.