आभासी यंत्राचे सबस्क्रिप्शन-हस्तांतरण

आभासी यंत्राचे सबस्क्रिप्शन-हस्तांतरण म्हणजे क्लाउडवर चालणारा आभासी संगणक एका सबस्क्रिप्शनमधून दुसऱ्यात वर्ग करणे. सबस्क्रिप्शन हे देयकाचे व अधिकारांचे खाते होय.

यात यंत्र जागचे हलत नाही. मायक्रोसॉफ्ट अझ्युरची पुणे व मुंबई येथील केंद्रे २०१५ मध्ये सुरू झाली. समजा, एखाद्या शिक्षणसंस्थेने पुणे केंद्रातील यंत्र जळगाव शाखेच्या सबस्क्रिप्शनमधून धुळे शाखेच्या सबस्क्रिप्शनमध्ये नेले, तरी ते पुण्यातच राहते. सातबाऱ्यावरील नाव बदलले म्हणून शेत हलत नाही, तसेच हे.

अझ्युरमध्ये दोन्ही सबस्क्रिप्शने एकाच टेनंटमध्ये असावी लागतात. यंत्रासोबत त्याच्या डिस्क, नेटवर्क इंटरफेस आदी संलग्न साधनेही न्यावी लागतात. या काळात मूळ व नव्या अशा दोन्ही रिसोर्स ग्रुपांना कुलूप असते. त्यांत साधने जोडता, बदलता वा काढता येत नाहीत. यंत्र मात्र चालूच राहते.

खरी अडचण नंतर जाणवते. प्रत्येक साधनाच्या ओळखक्रमांकात सबस्क्रिप्शनचा क्रमांक गुंफलेला असल्याने तो बदलतो व जुन्या क्रमांकावर बेतलेल्या स्क्रिप्ट निकामी होतात. यंत्रावर थेट दिलेले अधिकार सोबत येत नाहीत. ते नव्याने द्यावे लागतात. निकालाच्या दिवसांत हे काम काढू नये, ते यामुळेच. बॅकअप हस्तांतरणापूर्वी थांबवावा लागतो. आधीच्या प्रती जुन्या सबस्क्रिप्शनमधील व्हॉल्टमध्येच राहतात, म्हणून नव्या सबस्क्रिप्शनमध्ये बॅकअप पुन्हा सुरू होईपर्यंत ते सबस्क्रिप्शन बंद करणे धोक्याचे असते.