बीज दाट, मासळी विरळ

पावसाळ्यात धरणांत आणि नद्यांत मत्स्यबीज सोडतात तेव्हा बातमीत आकडा येतो तो सोडलेल्या बीजाचा. त्यामागचा समज सरळ आहे: बीज जितके जास्त, तितकी मासळी जास्त; निम्मे मेले तरी निम्मे उरेलच. भाताच्या दोन रोपांत अंतर का ठेवायचे, हे कोकणातल्या दापोलीचे कृषी विद्यापीठ १९७२ पासून शिकवीत आहे. त्याच मुलखात हा समज टिकून राहावा, याचे नवल वाटते.

समज अगदीच निराधार नाही. १९५७ मध्ये ओडिशात हिरालाल चौधरी यांनी पीयूषिका ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन कार्प माशांचे प्रजनन घडवले आणि पुढे बीज मुबलक झाले. शेततळ्यात पेंड-कोंडा घालता येतो, पाण्यात हवा खेळवता येते. तिथे काही मर्यादेपर्यंत दाटी फायद्याची ठरते. नदीला मात्र कोणी पेंड घालत नाही. मग वाहत्या पाण्यात दाटीचे काय होते?

सामनच्या कुळातल्या सागरी ट्राउटची मोजदाद जे. एम. एलियट यांनी इंग्लंडमधल्या एका ओढ्यात १९६६ पासून पंचवीस वर्षे केली. अंडी बेताची असताना ती वाढली तशी पिल्लेही वाढली. पण अंडी फारच झाली त्या वर्षी पिल्ले उलट कमी उरली. पिल्ले तळाच्या खडीतून वर आल्यावरच्या पहिल्या काही आठवड्यांत जागेसाठी झुंज होते आणि बहुतेक छाटणी तेव्हाच उरकते.

यावर कोणी म्हणेल, रोहू-कटला जागेसाठी भांडत नाहीत. खरे आहे. पण खाद्य वाटून घ्यावेच लागते. दाटीत वाढ खुंटते आणि खुंटलेले पिल्लू मरळ किंवा पाणकावळ्याच्या तोंडी लवकर लागते. म्हणजे ‘निम्मे उरेल’ हा हिशेबच चुकतो: किती मरणार, हे किती सोडले यावरही ठरते.

कोकणात तर आणखी एक पेच आहे. भाद्रपदात दुथडी वाहणारी नदी वैशाखात डोहाडोहांत तुटते. समजा, ऑगस्टमधले ४० हेक्टर पाणी मे महिन्यात १० हेक्टरवर आले. हेक्टरी २,००० सोडलेली बोटुकली (बोटाएवढी पिल्ले) सगळी जगली, तर दाटी ८,००० वर जाते, तीही पाणी तापलेले आणि प्राणवायू घटलेला असताना.

म्हणून बीजाची संख्या मे महिन्यातल्या पाण्यावरून ठरवावी. नखाएवढ्या पिल्लांऐवजी १० सेंटिमीटरच्या पुढची बोटुकली घ्यावी, थोडी घ्यावी आणि सांडव्याचा जोर ओसरल्यावर सोडावी. तेवढ्याच पैशात ती कमी येईल, हे खरे. पण पैसे सोडलेल्या माशाचे मिळत नाहीत, जाळ्यात आलेल्याचे मिळतात. तेव्हा बातमीतही आकडा यावा तो जाळ्यातल्या मासळीचाच.